न वाजवता फोडायच्या तबकड्या

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध संग्राहक राहत होते, आणि त्यांच्या घरात एक नियम होता. जी तबकडी फोडायची, ती आधी वाजवून पाहायची नाही. आणि का, हेही विचारायचे नाही.

सारे गाव त्यांना अप्पा म्हणे. त्यांच्या माजघरात भिंतभर लाकडी फडताळे होती आणि फडताळांत जुन्या गाण्यांच्या लाखेच्या तबकड्या आपापल्या पाकिटांत ओळीने उभ्या होत्या. अप्पांच्या तरुणपणातली ती गाणी ऐकायला दूरदूरची माणसे येत. अप्पा हात धुऊन, कोरडे पुसून तबकडी यंत्रावर ठेवत, अलगद सुई टेकवत, आणि पुढची तीन मिनिटे कोणी खोकतसुद्धा नसे. गाणे संपले की अप्पा एवढेच म्हणत, "असं आता होत नाही." आलेला माणूस मान डोलावत घरी जाई आणि आपल्या मुलांना तेच ऐकवी.

ऋजुता ही अप्पांची शिष्या. कॉलेजात असताना ती एक गाणे ऐकायला म्हणून आली आणि आठ वर्षे येतच राहिली. सूर कसा ओळखावा, गायक श्वास कुठे लपवून घेतो, कोणत्या अक्षरावर थांबले की ओळीचा अर्थ उमलतो, हे सारे तिला अप्पांनी शिकवले. घरचे म्हणत, पोरगी म्हाताऱ्यांत बसून म्हातारी झाली. तिला त्याचे काही वाटत नसे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अप्पा तिच्या हाती एक टोपली देत. टोपलीत दहा-बारा तबकड्या. परसातल्या धुण्याच्या दगडावर त्या एकेक करून फोडायच्या. लाखेची तबकडी खापरासारखी फुटते. अप्पा शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसत आणि शेवटचा तुकडा पडला की उठत. पहिल्या खेपेला तिने कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, "मुशीत काय जळालं, ते सोनाराला विचारू नये." मग तिनेच आपल्या मनाशी अर्थ लावला. चरे पडून मुक्या झालेल्या तबकड्या असतील. जीर्ण मूर्तीचे विसर्जन करतात, तसे हे असेल. अर्थ सुंदर होता, म्हणून तिने तो कधी तपासला नाही.

त्या वर्षी गावातल्या एका तेलाच्या व्यापाऱ्याने गाण्यासाठी सभागृह बांधले. बांधून झाले आणि ते मागायला दोन पक्ष दारात उभे राहिले. एक अप्पांची रसिक सभा, जिच्यात सत्तरीच्या आतला माणूस औषधालाही नव्हता. दुसरी पाच-सहा मुले, जी बंद पडलेल्या जकात नाक्याच्या पत्र्याच्या खोलीत तालीम करत. त्यांची म्होरकी नीलोफर. गाणी तीच रचायची. पावसाळ्याआधी ती खोली पाडायची ठरली होती. सभागृह मिळाले नाही, तर या मुलांना गावात गायला जागाच उरणार नव्हती.

व्यापारी म्हणाला, मला तेल कळते, गाणे कळत नाही. त्याने सुचवले की अप्पांनी दोन्ही काळ सर्वांसमोर तोलावेत. पाच गाणी तेव्हाची, पाच आताची. सभा जे ठरवील ते दारावरच्या दगडात कोरू. रसिक सभेला ही कल्पना फार आवडली. दगडात कोरायचे वाक्यही त्यांनी त्याच दिवशी तयार केले: 'येथे आजकालची गाणी गाऊ नयेत.' तोलणे तेवढे बाकी राहिले.

जुनी पाच अप्पांनी निवडली. त्यांना तीन आठवडे लागले. रोज दोन काढत, एक परत ठेवत. नव्या पाचांसाठी त्यांनी ऋजुताला सांगितले, की स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर तासभर बस आणि तिथे जे वाजेल ते टिपून आण. तिने टिपून आणले. येताना वाटेत नीलोफर भेटली आणि आमचे एखादे गाणे यादीत आहे का, असे तिने विचारले.

"तुमचं गाणं दिवाळीपर्यंत तरी टिकेल का, नीलू?" ऋजुता म्हणाली.

नीलोफर हसली आणि आपल्या वाटेने गेली. आपण काही चुकीचे बोललो, असे ऋजुताला तेव्हा मुळीच वाटले नाही.

सभा सोमवारी होती. आदला दिवस महिन्याचा पहिला रविवार. ऋजुता टोपली घेऊन परसात गेली, तोच व्यापारी आला आणि सभागृहातली बैठक दाखवायला अप्पांना घेऊन गेला. जाताना अप्पांनी तिला सांगितले, तू उरकून घे.

तिने पहिली तबकडी उचलली. उन्हात ती सहज तिरपी झाली आणि ऋजुताचा हात थांबला. तबकडीवर एकही चरा नव्हता. तिने दुसरी पाहिली. मग साऱ्याच पाहिल्या. एकही झिजलेली नव्हती, एकीचीही कड उडालेली नव्हती. विहिरीतल्या पाण्यासारख्या साऱ्या काळ्याभोर चमकत होत्या.

ती टोपली घेऊन माजघरात आली आणि यंत्र सुरू केले.

पहिले गाणे लागले तेव्हा तिला वाटले, यंत्रच बिघडले आहे. गायक सुरात नव्हता. शब्दांत एका बाईच्या कमरेचे वर्णन होते, आणि यमक जुळेना म्हणून तेही मध्येच सोडून दिलेले. दुसऱ्याची चाल पहिल्याचीच, फक्त वेग दुप्पट. तिसऱ्यात गायिका उचक्या देत होती आणि तिच्यामागे मोटारीचा भोंगा वाजत होता. चौथ्यात काळ्या रंगाच्या एका मुलीला नवरा मिळेना म्हणून तिची थट्टा चालली होती. दर कडव्यानंतर साथीदार खदाखदा हसत. ऋजुता स्वतः सावळी होती. तिने सुई उचलली नाही. शेवटच्या हसण्यापर्यंत ऐकले.

मग तिने तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवरचे साल वाचले. फडताळातले जे गाणे अप्पा उभे राहून ऐकत, ते त्याच सालचे होते. वाद्यवृंदही तोच.

आठ वर्षे, दर महिन्याला एक टोपली. जे ती विसर्जन समजत होती, ते पुरावा नाहीसा करणे होते. आणि ते तिच्याच हातांनी झाले होते. 'पूर्वी गाण्यात एक अदब होती,' असे किती जणांच्या तोंडून तिने ऐकले होते. ती स्वतःही तसेच म्हणत आली होती, अगदी कॉलेजातल्या मैत्रिणींना लाज वाटावी अशा थाटात.

सातवे गाणे चालू असताना अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"वाजवलीस," ते म्हणाले.

ते रागावले नाहीत, याचाच तिला अधिक धक्का बसला. अशा किती होत्या, असे तिने विचारले. अप्पांनी फडताळांकडे हात केला. इथे एक उभी आहे, तर दगडावर नऊ गेल्या, असे ते शांतपणे म्हणाले. तू यायच्या आधी मीच फोडत होतो.

"पण का, अप्पा?"

अप्पा भिंतीला टेकून खाली बसले. "मी विशीत होतो, तेव्हा ही फडताळातली गाणी नवी होती. माझे वडील यांना उकिरडा म्हणत. यातलं एक मी पहिल्यांदा घरी लावलं, तेव्हा त्यांनी न्हाणीतला ओला पंचा आणून चालत्या तबकडीवर टाकला. चार पाहुण्यांसमोर. मी त्या दिवशी ठरवलं, माझ्या काळाला पुन्हा कोणी उकिरडा म्हणता कामा नये. मिळेल ती तबकडी विकत घेतली. चांगलं ते जपलं. बाकीचं मागे राहू दिलं नाही. यात पाप काय आहे? आई गेल्यावर तिची भांडणं कोणी सांगत बसतं का, ऋजुता? तिच्या हातची चवच आपण सांगतो."

खरे तर अशी गोष्ट इथे संपते. गुरू काहीतरी विचित्र करतात, मग त्याचा अर्थ सांगतात, शिष्याचे डोळे उघडतात आणि तो वाकून नमस्कार करतो. ऋजुताचे डोळे उघडले होते, पण तिला वाकता येईना.

"भांडणं नाही सांगत," ती म्हणाली. "पण त्याच आईचं नाव घेऊन सुनेला टोमणे मारतो. हिच्या हाताला सासूची सर नाही म्हणून. सून आत्ता चुलीपुढे उभी आहे, अप्पा. तिची करपलेली भाकरी साऱ्या घराला दिसते. सासूच्या करपलेल्या भाकऱ्या तुम्ही परसात पुरल्यात. माझ्याकडून पुरून घेतल्यात."

अप्पांनी उठून यंत्र बंद केले. मग त्यांनी सांगितले, की उद्या तबकड्या तूच लावायच्या आहेस. सभा झाली की हा सारा संग्रह मी तुझ्या स्वाधीन करणार आहे. तसे मंडळींना सांगूनही ठेवले आहे. तेव्हा आजचे आजच्यापाशीच राहू दे.

हा संग्रह म्हणजे ऋजुताचे एकमेव स्वप्न होते. अप्पांना ते माहीत होते.

सोमवारी सभागृह भरले. पुढच्या खुर्च्यांवर रसिक सभा, मागे चपलांच्या ढिगाजवळ नीलोफर आणि तिची मुले. ऋजुताने जुनी पाच गाणी एकामागून एक लावली. ती गाणी थोर होती. आदल्या दिवशीचे सारे ऐकूनही ती तसूभर लहान झाली नव्हती. तिसऱ्याला तर तिचे डोळे भरून आले. तिने नजर वर केली तेव्हा मागे नीलोफरचे ओठ हलत होते. तिला ते गाणे शब्दन् शब्द पाठ होते. रसिक सभेतल्या कोणी मागे वळून पाहिले नाही, त्यामुळे त्यांना हे कळले नाही.

मग नव्यांची पाळी आली. एका निवृत्त वकिलांनी गाणे लागण्यापूर्वीच दोन्ही कानांत बोटे घातली आणि सारी सभा खळखळून हसली. ऋजुताने फोन हाती घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"शेठ," तिने व्यापाऱ्याला विचारले, "घाण्यावरून आत्ता उतरलेलं तेल कसं असतं?"

व्यापारी गोंधळला. गढूळ असतं, म्हणाला. गाळ असतो, आठवडाभर ठेवलं की तळाशी बसतो.

"मग ते गढूळ तेल आणि तुमचं निवळलेलं तेल शेजारी शेजारी ठेवून कोणी म्हणालं, की हल्ली शेंगदाण्यातच दम राहिला नाही, तर?"

"त्याला मी दुकानाची पायरी चढू देणार नाही," व्यापारी म्हणाला. मागे कोणीतरी हसले. पुढे कोणी हसले नाही.

मग ऋजुताने सारे सांगितले. टोपली सांगितली, दगड सांगितला, उचक्या आणि भोंगा सांगितला. काळ्या मुलीचे गाणे तिने शेवटच्या हसण्यापर्यंत सांगितले. टपरीवरची यादीही सांगितली, आणि ती आपणच आणली हेही. सभेत एकच गलका उठला. ज्यांनी सूर दिला त्यांच्यावरच उलटलीस, असे वकील म्हणाले. दुसऱ्या एका आजोबांनी तिच्या शिक्षणाचा उद्धार केला. आमच्या काळात अशी गाणी नव्हतीच, असे तिसऱ्याने शपथेवर सांगितले.

व्यापारी अप्पांकडे वळला. "अप्पा, ही सांगते ते खरं?"

अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "खरं आहे," ते म्हणाले.

पण वकिलांना न्यायालयाची सवय होती. असेल खरे, ते म्हणाले, पण आपण आज तोलायला बसलो आहोत. हिने गाणी लावावीत, निकाल आम्ही देऊ. लावायची नसतील तर अप्पांनी संग्रहासाठी दुसरे माणूस शोधावे.

सर्वांनी अप्पांकडे पाहिले. अप्पा खुर्चीत पुढे वाकले. त्यांनी आज्ञा केली नाही, विनवणी केली.

"लाव, ऋजुता."

"नाही लावणार," ती म्हणाली. "तुमच्या बाजूला पन्नास वर्षांतून वेचलेली पाच गाणी आहेत. त्यांच्या बाजूला टपरीवरचा एक तास आहे. आजची गाणी कदाचित वाईट असतील. कदाचित यातलं एखादं तुमच्या फडताळात शोभेल असं असेल. ते आज इथे कोणालाच कळणार नाही. तुमच्या वडिलांना तरी कुठे कळलं होतं? संग्रह ज्याला द्यायचा त्याला द्या. पण या तोलाला माझा हात लागणार नाही."

ती व्यासपीठावरून उतरली, मधल्या वाटेने सरळ मागे गेली आणि नीलोफरच्या शेजारी भिंतीपाशी उभी राहिली. नीलोफरने थोडे सरकून तिला जागा दिली.

वकिलांनी बोलण्यासाठी तोंड उघडले, अप्पांकडे पाहिले आणि मिटले. ज्यांच्यापाशी आजवर प्रत्येक गोष्टीवर मत असे, ती पुढच्या रांगेतली सारी माणसे आपापल्या हातांकडे पाहत बसली. दारावरचा दगड त्या दिवशी कोरायचा राहिला.