झोपाळ्याला बांधलेला धागा

रेकॉर्ड ऐकायला बोलावलेले पाहुणे फाटकाशी आले आणि नेमका रावसाहेबांच्या प्लेअरची वीस किलोची पितळी चकती फिरवणारा दोरा तुटला. सतारी बनवणारे हसनभाई धावत आले. त्यांनी सतारीचे पडदे बांधायचा रेशमी धागा काढला.

"एवढ्या वजनाला हा धागा? सुतळी लाव! तुटला, तर गावात दुकान चालवून दाखव!" रावसाहेब झोपाळ्यावरून गरजले.

सुतळीची जाड गाठ दर फेरीला सूर हलवणार होती. पण सांगणार कसं? हसनभाईंनी तोच धागा झोपाळ्याला बांधला आणि बेताबेताने ओढला. रावसाहेब झुलू लागले.

"वजन कड्या पेलतात, साहेब. धागा नुसता झुलवतो. चकतीचं वजनही खालचा खुंटा पेलतो, आणि ती तर तुमच्यापेक्षा पुष्कळ हलकी!"