तारांमधला चमचा

“मग सोडू ना मी तो ग्रुप, मास्तर?”

आंतोन मास्तर ओट्यावर बसून सोनचाफ्याची फुलं केळीच्या पानात बांधत होते. वसईजवळच्या त्या गावात निम्म्या मुलांना गिटार त्यांनीच शिकवली होती. रेनिशा त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. हे तिलाही ठाऊक होतं.

“कुठला ग्रुप?”

“ऑनलाइन आहे. घरी काहीतरी वेगळंच वाजवून बघणाऱ्यांचा. सगळे हौशी. आपलं रेकॉर्डिंग टाकायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं. मी गिटारच्या तारांमध्ये चमचा अडकवून वाजवलं. किती खपले मी त्यावर!”

“चमचा जेवणाचा?”

“चहाचा.”

“हां. जेवणाचा जड झाला असता.”

रेनिशाला हसू आलं. तिने ते दाबलं.

“कोणी काही बोललंच नाही, मास्तर. बुलढाण्याचे एक रिसवडकर काका आहेत, ते तेवढे लिहितात. दर वेळी एकच शब्द. ‘ऐकलं.’ चांगलं नाही, वाईट नाही. ही काय शाळेतली हजेरी आहे? मला नाही राहायचं तिथे.”

“लाव बघू तुझं.”

मास्तरांनी हातातलं फूल खाली ठेवलं. हात लेंग्याला पुसले. डोळे मिटले.

फोनमधून चमचा किणकिणला. तार घोगरी झाली, थरथरली, मध्येच गप्प बसली. ऊन सरकत फुलांवर आलं. मास्तरांनी फुलं हलवली नाहीत.

वाजवणं संपलं.

“कसं वाटलं?”

“ऐकलं.”

“मास्तर! तुम्हीपण?”

मास्तरांनी डोळे उघडले...

“ते काका काय वाजवतात?”

“कोण जाणे. फार लांबलचक असतं. मी थोडं ऐकते नि बंद करते. पण खाली ‘अप्रतिम’ लिहिते हं. न चुकता.”

“लाव.”

एकच तार. काका ती छेडायचे आणि नाद पुरता विरेपर्यंत थांबायचे. मग पुन्हा तीच तार.

रेनिशाचा अंगठा फोनकडे गेला.

मास्तरांनी त्या अंगठ्यावर अलगद एक चाफा ठेवला.

फूल पडेल म्हणून तिने हात हलवला नाही.

तार विरत चालली... रेकॉर्डिंगमध्ये मागे कुठेतरी भांडी वाजत होती. एका बाईंनी विचारलं, “झालं का हो तुमचं?” काकांनी उत्तर दिलं नाही. तार अजून थोडी उरली होती.

मग तीही संपली.



रेनिशाने चाफा ओट्यावर ठेवला आणि फोन उचलला. काकांच्या रेकॉर्डिंगखाली तिचं ‘अप्रतिम’ होतं. तिने ते पुसलं. काहीतरी मोठं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी एकच शब्द लिहिला आणि फोन मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी तो वाचायला चष्मा शोधला नाही.

“आता तुझा चमचा परत लाव, बाय,” ते म्हणाले. “मघाशी तो मी एकट्यानेच ऐकला.”