बैलाचा रुपया

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक तेलीण राहत होती. नवरा गेल्यावर तेलाचा घाणा तिनेच चालवला. शेजारीच धाकट्या दिराचा घाणा होता. दोघांनी आपापला बैल एकाच बाजारातून, एकाच दिवशी, एकशेवीस रुपयांना आणला होता.

तेलिणीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती नीट बघत असे. बैल घाण्याभोवती फिरून फिरून तिथली जमीन वीतभर खोल गेली होती. एके सकाळी त्याच्या मानेला तेल चोळताना तिच्या मनात आलं, जमीन झिजते, मग हा कसा झिजत नसेल?

घाण्याचा बैल दहा वर्षं चालतो, असं जाणत्यांनी सांगितलं. तिने बोटांवर हिशेब केला. महिन्याला एक रुपया. तेव्हापासून महिना भरला की ती एक रुपया वेगळ्या गाडग्यात टाकू लागली. तो भरून निघावा म्हणून शेरामागे एक पैसा जास्त घेऊ लागली.

दीर हसला. "वहिनी, बैल पेंड खातो, आणि पेंड निघते आपल्याच घाण्यातून. बैल फुकटात पडतो. त्याला पगार कसला देता?"

"त्याला नाही, भावजी. त्याच्यामागून येईल त्याला."

"अजून जन्मलासुद्धा नाही, त्याला?" असं म्हणून दीर गिऱ्हाइकाकडे वळला.

गिऱ्हाईक स्वस्ताकडे गेलं. दिराने बायकोला पाटल्या केल्या, घराची ओसरी वाढवली. तेलिणीकडे मात्र सणासुदीलाच काय ती माणसं येत. सहाव्या वर्षी करडई घ्यायलाही पैसे उरले नाहीत. करडई नाही तर घाणा बंद, आणि घाणा बंद तर चूल बंद.

तिने ते गाडगं खाली उतरवलं, आत हात घातला. रुपये हाताला गार लागले. बाहेर बैल उभा होता, मानेवर जुवाचा घट्टा घेऊन. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

"हे माझे नाहीत," ती पुटपुटली. गाडगं तिने परत वर ठेवलं आणि कानातल्या बुगड्या विकून करडई आणली.

दहावं वर्ष सरत आलं. ऐन सुगीत दिराचा बैल चालता चालता खाली बसला, तो पुन्हा घाण्याला लागलाच नाही. दिराने सगळं घर धुंडाळलं. हाती आलं ते जेमतेम महिन्याचं धान्य घेण्यापुरतं.

तेलिणीचा बैलही थकला होता. तिने गाडगं रिकामं करून नवा बैल आणला आणि जुन्याला चिंचेच्या सावलीत बांधलं.

दीर खाली मान घालून आला. "वहिनी, दहा वर्षं नफा झाला. तो गेला कुठं?"

"शेरभर तेलाबरोबर तुम्ही चिमूटभर बैलही विकत होता, भावजी. त्याचे पैसे तेवढे घेतले नाहीत."

दीर परत जायला वळला. मग तीच म्हणाली, "दुपारनंतर माझा घाणा मोकळा असतो. तुमची करडई आणा. पण बैल जास्त झिजेल, तेव्हा त्याचा वाटा तुम्हीही काढायचा."

पुढच्या बाजारी एक म्हातारं गिऱ्हाईक दिरावर कुरकुरलं, "काय रे, पैसा वाढवलास?"

"वाढवला नाही, काका. इतके दिवस धरायचाच राहिला होता."

काही वर्षांनी दिराच्या दारातही नवा बैल उभा राहिला, तोही कुणाकडे हात न पसरता.

लहानथोरांनो, धंद्यात जे रोज झिजतं त्याची भरपाई आधी बाजूला काढावी. त्यानंतर उरेल तोच खरा नफा.