भिंगरीनं सूर धरला

शेळ्यांना दाढी आली होती पण अक्कल यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. गोठ्यातल्या भजनी मंडळात भिंगरी शेळीचा सूर सारखा थरथरायचा. शेवटी शिकवणारी चिमा म्हैस म्हणाली, "भिंगरे, जत्रेपर्यंत सूर धरायला शीक, नाहीतर मागं बसून टाळ्या वाजव!" आता शेळीनं टाळ्या वाजवायच्या कशा, सांगा!

भिंगरीनं घर गाठलं, रिकाम्या रांजणात तोंड घालून "बेंऽऽ" केलं आणि काठ दातांत घट्ट धरला.

"अगं बये, चावतेस काय?" रांजण ओरडला.

"सूर धरतेय, रांजणदादा."

"तो कानानं धरतात, येडे! तू गा. नेमका लागला की मी घुमेन."

ती रोज गायची, रांजण गप्प. जत्रेच्या आदल्या दिवशी मात्र सूर सरळ लागला आणि रांजणाचं पोट घुमलं. जत्रेत तिनं तोच सूर असा धरला, की चिमाबाई रवंथ करायची विसरली.

रांजण फुटून आता कैक वर्षं झाली. म्हातारी भिंगरी करडांना गाणं शिकवते. एखाद्याचा सूर नेमका लागला, की ती रिकाम्या कोपऱ्याकडे कान लावून बसते.

"आजी बहिरी झाली," करडं खिदळतात.

भिंगरी दाढीतल्या दाढीत हसते.