शंभरावा ठसा

एका राज्यात, जिथे रान थेट राजवाड्याच्या कुंपणाला येऊन टेकले होते, मल्लसेन नावाचा राजा राज्य करीत असे. त्याच्या पदरी हत्ती होते, घोडे होते, तीन मांत्रिक होते. पण रानातले एकही मांजर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नव्हते, आणि हे दुःख त्याला जेवताना आठवे, झोपताना आठवे.

तो पाहायला जाई, पण कसा? पुढे ढोल, मागे तुताऱ्या, मध्ये अंबारी आणि दोन्ही अंगांना हाकारे घालणारे लोक. राजा पहिल्या झाडाखाली पोहोचेपर्यंत अर्धे रान पलीकडच्या डोंगरावर गेलेले असे. शेवटी राजा म्हणाला, "मांजर दिसत नसेल तर न दिसो. त्याचा ठसा आणा."

तेव्हापासून त्या राज्यात एक रीत पडली. माग काढणारे पहाटे रानात जात. ओल्या मातीत ठसा सापडला की त्यावर टोपली पालथी घालत, म्हणजे कोणी तुडवू नये. मग खुरप्याने मातीसकट ठसा उचलत, कुंभाराच्या भट्टीत विटेसारखा भाजत आणि राजवाड्याच्या ठसेघरात नेऊन ठेवत. ठसा आणणाऱ्याला राजा स्वतःच्या हातांनी पागोटे बांधी.

या कामात रायाजीचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची मुलगी भिवरा त्याची टोपली घेऊन मागून चाले. भिवरा बोले कमी आणि पाही फार. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, मांजराच्या ठशात उमटत नाहीत, हे तिने पाच वर्षांची असताना बापाला सांगितले होते.

एके दिवशी ओढ्याच्या काठी भिवराला एक ठसा दिसला. तिच्या दोन तळव्यांएवढा मोठा, चार बोटे गोल, कडा इतक्या स्वच्छ की मांजर जणू आत्ताच उठून गेले असावे. तिने बापाला हाक मारून बोट दाखवले. रायाजीने टोपली पालथी घातली. तो ठसेघरातला शंभरावा ठसा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायाजी नुकत्याच सारवलेल्या अंगणातून चालत गेला आणि अंगणात एकही पाऊल उमटले नाही.

त्या दिवशी एवढेच झाले. पुढच्या दिवशी त्याच्या खाटेची दोरी करकरेनाशी झाली. चौथ्या दिवशी वाऱ्याची झुळूक आली आणि त्याला गोठ्यापर्यंत घेऊन गेली. मग भिवराच्या आईने, गोजराबाईने, त्याला ओसरीवर बसवून मांडीवर पाटा ठेवला.

राजाचे तिन्ही मांत्रिक येऊन गेले. पहिल्याने भस्म फुंकले. दुसऱ्याने लिंबू कापले. तिसऱ्याने मंत्र म्हटला, त्याने त्याची स्वतःची दाढी तेवढी वर उचलली गेली आणि दोन दिवस खाली आली नाही.

"आयुष्यभर सांगतेय, तुमचा पाय घरात ठरत नाही," गोजराबाई म्हणाली. "आता बघा, जमिनीवरही ठरत नाही."

"अगं, पण तुला माझा भार तरी नाही," रायाजी म्हणाला.

"भार नाही कसा? सकाळ-संध्याकाळ पाटा कोण उचलतंय?"

ती हसली, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसू लागली. भिवराने ते पाहिले. ती उठली आणि रानाच्या वाटेला लागली.

रानाच्या तोंडाशी पळसाच्या झाडावर सातभाई बसले होते. मांजर कुठूनही गेले तरी ओरडून साऱ्या रानाला सांगणारे ते पक्षी. त्यांना सगळ्यांच्या बातम्या ठाऊक असत.

"आली बघ!"

"कोण आली?"

"रायाजीची पोर!"

"ती बोलत नाही!"

"तू बोलू दिलंस तर बोलेल ना!"

"मी? तूच तर मघापासून..."

"सातभाईंनो," भिवरा म्हणाली, "माझे बाबा उडून चाललेत. उपाय सांगा."

सातही भाऊ एकदम गप्प झाले. असे त्या रानात पूर्वी कधी घडले नव्हते. मग त्यांतला थोरला फांदीवरून खाली उतरला.

"ज्या मांजराचा ठसा उचलून भाजला, त्याचा तो पाय पुन्हा जमिनीला टेकत नाही. राजाचं ठसेघर भरलं आणि रान लंगडं झालं. शंभरावा ठसा वनराणीचा होता. तिने शाप दिला, की ज्याच्या हातांनी माझं पाऊल उचललं, त्याची पावलं जमिनीने सोडावीत."

"शाप कसा सुटेल?"

"तीन मांजरांच्या भेटी घे. वाघाटी ओळख विचारेल. शशकर्ण खरं विचारेल. वनराणी मागेल ते दे. आजपासून तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगरावरचा वारा खाली उतरतो. त्या वाऱ्याला पाटा अडवू शकत नाही."

"या तिघांना कुठे शोधू?"

यावर सातही भाऊ इतके हसले की दोघे फांदीवरून घसरले.

"शोधू नकोस! शोधणाऱ्याला आजवर शेपटीचं टोकही दिसलेलं नाही!"

"बसून राहा!"

"गप्प बसून राहा!"

"ते तिला जमेल!"

भिवरा बांबूच्या बेटात जाऊन बसली. वारा तोंडावर येईल अशी जागा तिने धरली, म्हणजे तिचा वास पुढे जाणार नाही. वाळलेली पाने आधी हाताने बाजूला केली. एक मुंगळा तिच्या घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढला, तिथे थांबला, आणि काही न मिळाल्यामुळे परत फिरला. ती हलली नाही. दोन प्रहर झाले. मग तिला कळले की समोरच्या बांबूच्या बुंध्याशी जे तांबूस ठिपके बराच वेळ दिसत आहेत, ते पानांचे नाहीत.

ती वाघाटी होती. घरातल्या मांजराहून लहान, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, डोळे मात्र चेहऱ्याहून मोठे वाटावेत असे. ती तीन पायांवर उभी होती.

"माझा ठसा तुमच्या राजाकडे आहे," वाघाटी म्हणाली. "ठसे पुष्कळ आहेत. माझा कोणता, सांग."

भिवराने तिच्या तीन पायांकडे पाहिले, उचललेल्या चौथ्या पायाकडे पाहिले, आणि डोळे मिटून मनातल्या मनात ठसेघरातून फिरून आली.

"दक्षिणेच्या भिंतीवर, खिडकीखाली. पुढचा डावा. आतल्या बोटावर एक बारीक चीर आहे. लहानपणी काटा लागला असेल."

"करवंदीचा," वाघाटी म्हणाली. "तू आम्हाला वेगवेगळं ओळखतेस. माझ्याकडून सुटका." ती वळली, आणि पुन्हा तिथे फक्त बांबू होते.

दुसऱ्या दिवशी भिवरा माळावरच्या खुरट्या झुडपांत बसली. तिथे सावली अशी नव्हतीच. उन्हाने तिचे कान तापले, डोळ्यांपुढे माळ थरथरू लागला. एवढ्यात समोरून तित्तिरांचा थवा उडाला आणि त्याच्यामागे गवतातून एक पिवळसर देह सरळ वर, माणसाच्या उंचीहून वर उसळला. तित्तिर निसटला. देह खाली आला तो तिरका, कारण मागचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता.

शशकर्णाने मान वळवली. त्याच्या लांब कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुपके होते, आणि ते रागाने हलत होते.

"पूर्वी एका उडीत दोन पकडत होतो," तो म्हणाला. "आता माझी फजिती बघायला माणसं येतात. बोल. वनराणीचा ठसा कोणी उचलला?"

"माझ्या बाबांनी."

"खरं विचारलंय. पूर्ण सांग."

ही गोष्ट तिने आईलाही सांगितली नव्हती.

"पाहिला मी. बाबा पुढे निघून गेले होते. मी हाक मारून दाखवला. मी गप्प राहिले असते तर तो तिथेच राहिला असता."

"का दाखवलास?"

"बाबांनी शाबास म्हणावं म्हणून."

"म्हणाले?"

"म्हणाले."

शशकर्णाचे कान शांत झाले.

"मीसुद्धा पहिली शिकार आईपुढे नेऊन ठेवली होती," तो म्हणाला. "माझ्याकडून सुटका. उद्या उजाडताना ओढ्यावर ये."

तिसऱ्या दिवशी उजाडताना भिवरा ओढ्यावर पोहोचली. पाण्यावर धुके होते. धुक्यातून वनराणी आली. तिचा रंग राखेसारखा होता आणि चालताना तिच्या अंगावरचे ठिपके ढगांच्या सावल्यांसारखे सरकत होते. उजवा पुढचा पंजा तिने छातीशी धरला होता. ओढ्याच्या पलीकडे, खडकाच्या कपारीत, तिची दोन पिल्ले बसली होती. ती ओरडत नव्हती. ओरडून ओरडून ती थकलेली होती.

"ओढा ओलांडायला चार पाय लागतात," वनराणी म्हणाली. "मी या काठाला, माझं दूध या काठाला."

"काय मागता?"

"माझं पाऊल. ज्याच्या हुकमाने ते भिंतीत गेलं, त्या राजाने स्वतःच्या हातांनी आणावं. पायी आणावं, वाजतगाजत नव्हे. वारा उतरण्याआधी आणावं."

भिवरा धावत राजवाड्यात गेली. दरबार भरला होता. एवढ्या लोकांसमोर ती जन्मात कधी बोलली नव्हती. तिने कोणाकडेच पाहिले नाही, फक्त राजाकडे पाहिले.

"महाराज, शंभरावा ठसा परत द्यायला हवा."

"का म्हणून? शंभर ठसे हे माझं वैभव आहे."

"त्या शंभरांतलं एक तरी मांजर महाराजांनी पाहिलंय?"

दरबारात कोणीतरी खाकरले. पहिला मांत्रिक पुढे झाला. "उद्धट पोर! महाराज, आज्ञा द्या, हिचा बेडूक करतो."

"आधी त्या तिसऱ्या मांत्रिकाची दाढी तरी खाली आणली असतीत," राजा म्हणाला. तो सिंहासनावरून पुढे वाकला होता. "मुली, तू पाहिलंस?"

"तीन पाहिली. चौथ्यांदा महाराजांबरोबर पाहीन. पण ढोल नको, जोडे नकोत, आणि वाटेत एक शब्द नको."

राजाने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला. ठसेघरात जाऊन त्याने शंभरावा ठसा छातीशी धरला आणि तो अनवाणी निघाला.

राजाला चालता येत नव्हते, हे भिवराला पहिल्याच वळणावर कळले. तो वाळक्या काटक्या नेमक्या शोधून त्यांवर पाय देई. तिने त्याला टाच आधी न टेकवता कड टेकवायला दाखवले. काटा रुतला तेव्हा त्याने ओठ घट्ट दाबले, पण आवाज केला नाही. सातभाईंनी त्यांना पाहिले. एकाने चोच उघडली. बाकी सहांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने ती मिटली.

ओढ्याच्या काठी ते दोघे बसले. ऊन चढले. राजाच्या हातांत वीट जड झाली. मग समोरची राखेच्या रंगाची शिळा उठून उभी राहिली.

वनराणीने राजाकडे पाहिले. त्या सोनेरी डोळ्यांत भीती नव्हती आणि आदरही नव्हता. आजवर कोणी राजाकडे असे पाहिले नव्हते, जणू तो राजा नसून रानातले एक झाड आहे.

"ठसा खाली ठेवा," भिवरा हळूच म्हणाली.

राजा हलला नाही. "ठेवला की ती जाईल," तो पुटपुटला. "पुन्हा दिसणार नाही. थोडा वेळ, मुली. अगदी थोडा वेळ."

डोंगरमाथ्यावरची झाडे हलू लागली. वारा निघाला होता. भिवराला तो ऐकू आला आणि त्याबरोबर ओसरीवरचा पाटा सरकल्याचाही भास झाला. तिला राजाच्या हातून वीट हिसकावता आली असती, पण ती तिने देऊन चालणार नव्हते. तिने राजाचा चेहरा पाहिला. लहान मुलासारखा झाला होता तो.

"महाराज," ती म्हणाली, "तुम्ही तिला पाहिलंत. आता पलीकडे पाहा."

राजाने पलीकडे पाहिले. कपारीत दोन पिल्ले एकमेकांना टेकून बसली होती, आणि लहान पिल्लाला मान धरवत नव्हती.

राजाने गुडघे टेकले. त्याने ठसा ओल्या मातीत ठेवला. वनराणीने आपला उजवा पंजा त्यावर टेकवला, तशी भाजलेली वीट पाण्यात ढेकूळ विरघळावे तशी विरघळली. पंजा जमिनीला लागला. वनराणीने एक झेप घेतली आणि ती पलीकडे होती. मग खडक होते, कपार होती, आणि दूध पिणाऱ्या पिल्लांचा चुटुचुटु आवाज होता.

वारा त्यांच्या डोक्यावरून पुढे गेला.

घरी त्याच वेळी गोजराबाई ओसरीच्या खांबाला एका हाताने लोंबकळत होती आणि दुसऱ्या हाताने तिने नवऱ्याचे धोतर पकडले होते. रायाजी छपराच्या वर आडवा तरंगत होता. एकाएकी तो धपकन पेंढ्याच्या गंजीवर पडला.

"लागलं का हो?" गोजराबाई ओरडली.

"लागलं!" रायाजी आनंदाने म्हणाला. "अगं, चांगलंच लागलं!"

त्याच आठवड्यात राजाने ठसेघर उघडले. एकेक ठसा स्वतः उचलून, अनवाणी चालत, त्याने रानात नेऊन ठेवला. नव्व्याण्णव फेऱ्या झाल्या. कुठला ठसा कुठल्या काठाचा, हे भिवरा सांगत गेली. रान पुन्हा चार पायांवर चालू लागले. माग काढणारे पूर्वीप्रमाणे पहाटे जात राहिले, पण आता ते ठसा पाहत, त्याला वळसा घालत आणि पुढे जात.

पुढच्या वर्षी शेजारच्या राज्याचा वकील दरबारात आला. ऐटीत म्हणाला, "आमच्या महाराजांच्या रानात बेचाळीस मांजरं आहेत, एकूणएक नोंदलेली. आपल्या रानात किती?"

राजा मल्लसेनाने दाराजवळ उभ्या असलेल्या भिवराकडे पाहिले. भिवरा हसू दाबत होती.

"मला ठाऊक नाही," राजा म्हणाला, आणि एवढ्या अभिमानाने तो आजवर काहीच बोलला नव्हता.