झेंडूचा हार कोणत्या पेटीला?

खंडेनवमीच्या सकाळी गार्गी खेळांसाठी संगणक जुळवून घ्यायला विश्वासरावांच्या दुकानी गेली. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे बेताचेच होते. निवड चुकली, तर महाविद्यालयाची संगणक-खेळांची स्पर्धा हुकणार होती.

“पोरी, या खेळांतला जिल्ह्याचा विजेता सांगतोय, ऐक!” विश्वासराव गरजले. “खेळाची चित्रे पळवणारे ग्राफिक्स कार्ड हलके चालेल, संगणकाची पेटी मात्र ही रंगीत दिव्यांचीच घे. साध्या पेटीला कोण विचारतो?”

गल्ल्यामागे विश्वासरावांच्या स्वतःच्या संगणकाच्या साध्या, काळ्या पेटीला झेंडूचा हार घातला होता. गार्गीने तिला हात जोडले.

“काका, आज शस्त्रपूजा. जिल्हा जिंकलात ते शस्त्र हेच ना? मग मला याचाच धाकटा भाऊ द्या.”

गिऱ्हाइके खळखळून हसली. विश्वासरावही हसले आणि त्यांनी साध्या पेटीत दमदार कार्ड बसवले.

गिऱ्हाइकाला काहीही सांगता येते. देवापुढे खरेच मांडावे लागते.