सात गोधड्यांतला बर्फ

राजाची गोष्ट हवी ना? तर होता असाच एक राजा. फार मोठा नव्हे, बेताचाच. त्याचं राज्य सपाट माळावर होतं आणि उन्हाळा असा कडक, की दुपारी अंगणातला दगडसुद्धा हात लावू देत नसे.

एकदा काय झालं, चैत्रातली साधीशी सकाळ होती. राजा ओसरीवर बसून कैरी खात होता. तिखटमीठ लावून, बरं का. तेवढ्यात आतून दासी आली आणि म्हणाली, "महाराज, आईसाहेबांनी आजही ताट परत पाठवलं. घोटभर ताक घेतात, तेवढंच."

कैरी तशीच ठेवून राजा आत गेला. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"काय खावंसं वाटतंय, आई?"

"खायला नको रे काही. माझ्या माहेरचा बर्फ एकदा हातात घ्यावासा वाटतो. मग जेवेन."

आईचं माहेर होतं उत्तरेच्या उंच डोंगरावर. दोन दिवसांची वाट. तिथं बारा महिने बर्फ. लग्न होऊन ती माळावर आली, ती परत कधी तिकडं गेलीच नव्हती.

राजानं सेनापतीला बोलावलं. सेनापती म्हणाला, "त्यात काय, महाराज. असा जातो नि असा येतो." त्यानं चांदीची घागर घेतली, सगळ्यांत तेज घोडा घेतला आणि निघाला. चौथ्या दिवशी परत आला. राजानं घागरीचं झाकण काढलं. आत पाणी. बोट बुडवलं तर तेही कोमट. चांदी उन्हात चटकन तापते ना, आणि तापली की आतल्यालाही तापवते.

मग प्रधान पुढे झाला. "सेनापतींनी बर्फ कोंडला, तिथंच चुकलं. त्याला वारा हवा, वारा." त्यानं बर्फाची लादी उघड्या गाडीवर ठेवली आणि चार माणसं वारा घालायला बसवली. पण वारा कसला? उन्हाळ्यातला, गरम. जितका घालावा तितका बर्फ लवकर वितळे. गाडी वाड्यात आली तेव्हा फळ्या नुसत्या ओल्या होत्या आणि चौघांचे खांदे भरून आले होते.

तोवर आठ दिवस गेले होते. आईचा हात हातात घेतला की राजाला तो काडीसारखा लागे.

आता त्या वाड्याची एक रीत होती. दर उन्हाळ्यात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला हौसाक्का यायची. ती मागच्या पडवीत बसून टाके घालत होती. तिनं सगळं ऐकलं. मग सुई केसांत खोचली, दरबारात आली आणि म्हणाली, "महाराज, मी आणते बर्फ. गोधडीत गुंडाळून."

दरबार हसायला लागला. सेनापती म्हणाला, "अक्का, थंडीत गोधडी घेतली की आम्हाला ऊब येते. बर्फाला ऊब आली तर तो राहील का?"

"गोधडीत कुठली आलीय ऊब?" हौसाक्का म्हणाली. "घडी घालून ठेवलेली असते तेव्हा हात घालून बघा की आत. गरम लागते का? ऊब असते तुमच्या अंगाची. गोधडी तिला बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. मग जी आतलं बाहेर सोडत नाही, ती बाहेरचं आत कशी सोडेल?"

प्रधान म्हणाला, "बोलायला सोपं आहे."

"मग करून बघा."

राजानं खरंच करून बघितलं. आडाचं गार पाणी दोन तांब्यांत भरलं. एक तांब्या उघडाच उन्हात ठेवला. दुसरा गोधडीत गुंडाळून शेजारी ठेवला. मग स्वतः सावलीत बसून राहिला. दोन तासांनी एक बोट ह्यात घातलं, एक बोट त्यात. उघड्यातलं पाणी अंघोळीला चाललं असतं. गोधडीतलं अजून प्यावंसं वाटण्याइतकं गार होतं. राजानं तो तांब्या प्रधानापुढे केला. प्रधानानं तो रिकामा करूनच खाली ठेवला.

मग हौसाक्का गाडी घेऊन गेली. डोंगरावर तिनं रांजणाएवढा बर्फ तोडून घेतला. त्याच्याभोवती सुका पेंढा दाबला. पेंढ्याच्या काड्या पोकळ, त्यांत हवा अडकून बसते. अडकलेली हवा हलत नाही, म्हणून ऊनही पुढे सरकत नाही. त्यावर गोधड्या गुंडाळल्या, एकावर एक सात. बरोबरचे शिपाई दर मुक्कामाला म्हणत, "अक्का, जरा उघडून बघू या का, आहे की गेला?" ती म्हणे, "तुम्ही बघाल, आणि ऊन आत शिरेल. हात बांधून बसा."

चौथ्या दिवशी दुपारी गाडी आली. राजा अनवाणीच अंगणात धावला. गाठोडं खालून ठिबकत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"इथं नका सोडू," हौसाक्का म्हणाली. "आईसाहेबांपुढे न्या."

पलंगाशी गाठी सुटू लागल्या. पहिली गोधडी कढत होती. तिसरी कोमट. पाचवी गार. सातवी ओली आणि चांगलीच गारेगार. मग पेंढा बाजूला केला. आत बर्फ होता. रांजणाएवढा नव्हता आता, नारळाएवढा होता. पण होता.

आईनं तो ओंजळीत घेतला. हात लाल झाले तरी सोडीना. मग म्हणाली, "आम्ही बहिणी लाकडी पाटावर बसून ह्यावरून घसरत यायचो. आई ओरडायची." राजाला हे ठाऊकच नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"भूक लागली रे," आई म्हणाली. "पिठलंभात असेल का?"

मग काय, राजानं स्वतःच्या हातानं भरवलं. हौसाक्काला म्हणाला, "माग काय हवं ते." ती म्हणाली, "सात गोधड्या भिजल्यात. वाळत घालायला गच्ची द्या, आणि पिळायला दोन धट्टीकट्टी माणसं." मग एका टोकाला सेनापती आणि दुसऱ्या टोकाला प्रधान. आई खिडकीतून बघून हसत होती.

त्यानंतर आई रोज जेवू लागली, गप्पा मारू लागली, आणि वाड्यात सगळे सुखानं नांदले. राजा तिला म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात तुला माहेरी नेतो. तो उतार मला दाखव."

चला, घ्या पांघरूण. तुमची ऊब तुमच्यापाशीच राहू दे. मिटा डोळे.

काय म्हणतोस? गेले का ते दोघं?

नाही रे बाळा. ते जायचं राहून गेलं.